टपालाचे बिऱ्हाड

मीरा-भाईंदर हे बिऱ्हाडांनी वाढवलेले शहर आहे. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर पोहोचली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. मिठागरांच्या आणि खाचरांच्या कडेने इमारती उठल्या व मुंबईतल्या चाळींमधील खोल्या सोडून आलेल्या कुटुंबांनी त्या भरल्या. टेम्पोतून कपाट आले, पलंग आला, देव्हारा आला. काही वर्षांनी त्याच घरांत संगणकही आला. पुढे तो जुना झाला, नवा आणला गेला, आणि घरातल्या घरात आणखी एक बिऱ्हाड हलवण्याची वेळ आली. जुन्या संगणकातील पत्रे, भेटीगाठींच्या तारखा आणि लोकांचे पत्ते नव्या संगणकात न्यायचे होते.

घरचे बिऱ्हाड हलवताना भांडी मोजून घेता येतात. मोजणी जमली की काम झाले. संगणकाच्या बाबतीत तसे नाही. फाइलची नक्कल शेवटच्या बाइटपर्यंत बिनचूक होते आणि तरीही नव्या यंत्रावर तिच्यातले एकही पत्र वाचता येत नाही, असे घडू शकते. याचे कारण यंत्रात कमी आणि इतिहासात अधिक आहे. शिवाय मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला या इतिहासाचे एक जास्तीचे प्रकरण आले आहे, आणि ते अजून संपलेले नाही.

जुहूचे टपालघर

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवण्याचा आणि पत्त्यात @ हे चिन्ह वापरण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत १९७१ मध्ये केला. आपल्याकडे ही गोष्ट पंधरा वर्षांनी आली. भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहू येथे असलेली एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था असे आठ भागीदार होते. १९८७ मध्ये जुहू आणि पवई यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीची जोडणी अमेरिकेतील यूयूनेट या जाळ्याशी झाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. म्हणजे सेकंदाला फार तर १,२०० बाइट. आजच्या हिशोबाने लहानसे, एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठवायला त्या तारेला सुमारे पंधरा मिनिटे लागली असती. पण तेव्हा छायाचित्रे कोणी पाठवतच नव्हते. पत्र म्हणजे रोमन अक्षरांतील काही ओळी.

त्या काळात टपालाचे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न फारसा नव्हता. पत्रे संस्थेच्या सामाईक यंत्रावर असत आणि वाचणारा तेथे जाऊन वाचत असे. युनिक्स या कार्यप्रणालीत प्रत्येकाची पत्रपेटी म्हणजे साध्या मजकुराची एकच लांबलचक फाइल. तिला एमबॉक्स म्हणतात. पत्रामागून पत्र जोडलेले. एक संपून दुसरे सुरू झाले हे कळण्याची खूण म्हणजे रोमन लिपीतील 'फ्रॉम' हा शब्द व त्यापुढे एक मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ.

या साधेपणात एक गंमत आहे. कोणी पत्राच्या मजकुरातच एखादा परिच्छेद 'फ्रॉम' या शब्दाने सुरू केला तर यंत्राला वाटणार की नवे पत्र आले. त्यावर तोडगा असा निघाला की, अशा ओळीच्या आधी यंत्राने > हे चिन्ह घालायचे. परंतु ते नंतर काढायचे की नाही, याबद्दल सर्व प्रोग्रॅमांचे एकमत झाले नाही. म्हणून चारपाच यंत्रे फिरून आलेल्या जुन्या इंग्रजी पत्रांत हे चिन्ह मध्येच उगवलेले दिसते. लेखकाने ते कधी लिहिलेलेच नसते. मराठी पत्रांना निदान हा उपसर्ग नाही!

तरीही एमबॉक्सचा एक मोठा गुण लक्षात ठेवावा. ती फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते. पत्राची अंतर्गत मांडणी, म्हणजे कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय या ओळी कशा लिहायच्या, हेही १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी लिहून सर्वांसाठी प्रसिद्ध केले होते. त्यामुळे तेव्हाचे पत्र आजही उघडते.

टपाल घरी येते

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सुरुवातीचे स्वस्त खाते 'शेल' प्रकारचे होते. पडद्यावर फक्त अक्षरे दिसत आणि पत्रे निगमाच्या यंत्रावरच राहत. महाग खाते घेणाऱ्याला मात्र पीओपी या पद्धतीने पत्रे स्वतःच्या संगणकात उतरवून घेता येत. १९८४ मध्ये आखलेल्या या पद्धतीत सर्वसाधारणपणे पत्र घरी उतरले की टपालघरातील प्रत पुसली जाई. यात काही वावगे नव्हते. टपालघरातील जागा थोडी होती आणि टेलिफोनचे बिल मिनिटामिनिटाने वाढत होते. पोस्टातल्या पेटीतून पत्रे काढून घरी आणावीत, तसाच हा व्यवहार.

पण त्याचा परिणाम दूरवर गेला. पत्राची जगातील एकमेव प्रत आता घरातल्या एका चकतीवर राहू लागली. चकती बिघडली की पत्र गेले. संगणक बदलला की पत्र हलवणे आले. पत्रे टपालघरातच ठेवून कोठूनही वाचण्याची आयमॅप नावाची पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ मध्येच तयार केली होती, परंतु तिला सतत जोडणी आणि भरपूर साठवणजागा लागते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे दोन्ही नव्हत्या.

घरी आलेली पत्रे ठेवायची कोठे, हे प्रत्येक प्रोग्रॅमने आपापले ठरवले. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या युडोरा या लोकप्रिय प्रोग्रॅमने एमबॉक्ससारखीच साधी पेटी वापरली. मायक्रोसॉफ्टने दुसरा मार्ग धरला. विंडोजबरोबर मिळणाऱ्या आउटलुक एक्सप्रेसने डीबीएक्स नावाच्या फाइली केल्या आणि ऑफिसमधील आउटलुकने पीएसटी नावाची एकच मोठी फाइल केली. पीएसटीमध्ये पत्रे, दिनदर्शिका आणि पत्ते सगळे एकत्र असते. शोध जलद लागावा म्हणून आत कोष्टके आणि अनुक्रमणिका असतात. सोय चांगली होती. पण आतली रचना कंपनीला ठाऊक, इतरांना नाही. मायक्रोसॉफ्टने तिचे संपूर्ण वर्णन प्रसिद्ध केले ते २०१० मध्ये. तोपर्यंतच्या दहाबारा वर्षांत ज्यांना आउटलुक सोडून दुसरीकडे जायचे होते, त्यांना कुलूप उघडणाऱ्या कारागिरांवरच अवलंबून राहावे लागले.

या पीएसटीची एक गोष्ट गणिताच्या तासाला सांगण्यासारखी आहे. २००३ पूर्वीच्या आउटलुकमध्ये तिचा आकार दोन गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नसे. २ चा ३१ वा घात काढा: २,१४,७४,८३,६४८. फाइलमधील जागांचे क्रमांक ३२ बिटांत लिहायचे आणि त्यातील एक बिट चिन्हासाठी सोडायचा, तर एवढीच मर्यादा उरते. ज्यांनी पत्रे कधी पुसली नाहीत अशा लोकांची फाइल एका सकाळी या रेषेपाशी येऊन थबकली आणि उघडेनाशी झाली. त्यावर मायक्रोसॉफ्टने एक साधन दिले. ते फाइलचा शेवटचा थोडा भाग कापून टाकी. त्या भागात काय होते ते गेले, बाकीचे वाचले. घर मोठे झाले म्हणून एक खोली पाडायची, असा तो प्रकार.

आउटलुक एक्सप्रेसची अडचण वेगळी होती. त्याच्या फाइली 'माय डॉक्युमेंट्स' या कप्प्यात नसत. विंडोज एक्सपीमध्ये त्या चारपाच कप्पे आत, मुद्दाम लपवलेल्या कप्प्यात असत, आणि पत्त्यांची वही तिसऱ्याच ठिकाणी, वेगळ्या फाइलीत. नवा संगणक आल्यावर लोक 'माय डॉक्युमेंट्स' सीडीवर उतरवून घेत, जुना डबा भंगारवाल्याला देत आणि आठवड्याने त्यांच्या लक्षात येई की छायाचित्रे आली, पत्रे राहिली. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई आणि उपनगरांतील तळमजल्यांवर पाणी शिरले तेव्हा असंख्य घरांतले आणि दुकानांतले संगणक भिजले. ज्यांनी बॅकअप घेतला होता त्यांतही टपालाचा बॅकअप घेतलेला माणूस विरळाच असावा, असा आमचा अंदाज आहे.

अक्षरांचे हाल

आता मराठीकडे वळू. १९८२ च्या नियमाप्रमाणे ई-मेलमध्ये फक्त ॲस्की संकेतातील चिन्हे चालत. सात बिटांचे १२८ संकेत. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे. पत्रात इतर लिप्या, चित्रे, ध्वनी कसे पाठवायचे याचा माइम नावाचा करार नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडला. परंतु त्याने फक्त पाकीट दिले. पाकिटावर 'आतील मजकूर अमुक संकेतात आहे' असे लिहिता येऊ लागले. तो संकेत कोणता, हे आपले आपण ठरवायचे होते.

आपल्याकडे ते ठरलेही होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम इस्की या संकेतात स्थिरावले आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक झाले. आठ बिटांच्या २५६ जागांपैकी खालच्या १२८ ॲस्कीसाठी आणि वरच्या भागात भारतीय अक्षरे, अशी त्याची मांडणी. त्यात 'अ' ला १६४ हा क्रमांक आहे आणि 'क' ला १७९. इस्कीचा मुख्य विचार असा की अक्षर साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने; ते कागदावर कसे दिसेल हे दाखवणाऱ्याने पाहावे.

घरोघरी मात्र वेगळेच घडले. विंडोज ९५ आणि ९८ यांना देवनागरी जुळवता येत नव्हती. मग पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे योगेश, सुरेख अशा फॉण्टांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्या आणि वरच्या चिन्हांच्या जागी त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा घ, उभा काना, रफार, वेलांटी असे सुटे तुकडे. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही रोमन मजकूरच लिहीत होता. फॉण्टने तो मराठी दिसवला. टंकलेखन यंत्रातही असेच तुकडे असतात, त्यामुळे टंकलेखकांना ते लगेच जमले. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, ग्रंथ, वृत्तपत्रे, सगळे या मार्गाने छापले गेले. ती सोय नसती तर मराठी संगणकावर आणखी पाच वर्षे उशिरा आली असती, हे मान्य केले पाहिजे.

पण कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीने निराळे ठरवले, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही ते बदलले. भाईंदर पश्चिमेतील एका शाळेने मध्यंतरी जुना संगणक काढून टाकताना त्यातील टपाल आम्हाला दाखवले. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना लिहिलेली चारपाच वर्षांची पत्रे त्यात होती. फाइली शाबूत होत्या. पत्रे उघडली, तारखा दिसल्या, पाठवणाऱ्यांची नावे दिसली आणि मजकुराच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरे यांची खिचडी. ज्या फॉण्टमध्ये पत्रे लिहिली तो त्या संगणकावरून केव्हाच पुसला गेला होता. एकही बाइट हरवलेला नव्हता.

अशी पत्रे परत मिळवता येतात, पण ते तुकड्याला तुकडा बदलण्याइतके सरळ नसते. 'निर्मिती' हा शब्द घ्या. फॉण्टच्या पद्धतीत तो डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठवला जातो: पहिली वेलांटी, न, पुन्हा पहिली वेलांटी, म, रफार, त, दुसरी वेलांटी. उच्चाराच्या पद्धतीत तो असा असतो: न, पहिली वेलांटी, र, हलन्त, म, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनाच्या, आणि जोडाक्षर असल्यास संपूर्ण जोडाक्षराच्या, मागे न्यावी लागते. रफार उचलून पुढे आणावा लागतो. आणि अर्धा घ अधिक काना दिसला की एक पूर्ण घ करावा लागतो. विद्यार्थ्यांना व्याकरण आणि संगणक एकत्र शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून देवनागरीची मांडणी युनिकोडने घेतली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीपासून ती युनिकोडमध्ये आहे. तेथे 'क' चा क्रमांक २३२५. तो साठवण्याची आज सर्वत्र चालणारी यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये काढली. विंडोजमध्ये युनिकोडातील देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. तिच्यासोबतचा मंगल हा फॉण्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेला. कवी आणि सुलेखनकार असलेले जोशी पवईच्या आयआयटीतील अध्यापनानंतर एनसीएसटीमध्ये काम करीत होते. ज्या संस्थेतून भारताचे ई-मेल बाहेर पडले तिचा मराठी अक्षरांशीही असा संबंध आला. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'क' चे बाइट २२४, १६४ आणि १४९. वर्गात हे पडताळता येईल. साध्या संपादकात फक्त 'भाईंदर' हा शब्द लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि तिचा आकार पाहावा. भ, काना, ई, अनुस्वार, द, र ही सहा चिन्हे. आकार १८ बाइट. (जुन्या विंडोजमधील नोटपॅड सुरुवातीला तीन बाइटांची खूण स्वतःहून घालते, तेथे २१ दिसतील.) अशा पत्राच्या पाकिटावरील संकेताचे नाव स्थलांतरात गळून पडले, तर प्रोग्रॅम त्याला पश्चिम युरोपीय मजकूर समजतो. मग पडद्यावर दर तीन चिन्हांमागे डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' दिसते, कारण तेथे २२४ म्हणजे ते अक्षर. त्याच्या मागे ¤ किंवा ¥ येते. व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांचा दुसरा बाइट १६४, म्हणून ¤; दुसऱ्या वेलांटीपासून पुढची चिन्हे, म्हणजे उकार, मात्रा आणि हलन्त यांचा १६५, म्हणून जपानी येनचे चिन्ह. असा कचरा दिसला तर घाबरू नये. मजकूर पूर्ण सुरक्षित आहे, फक्त वाचण्याचा संकेत बदलायचा आहे. उलट स्वल्पविराम-कंसांची खिचडी दिसली तर मूळ फॉण्टचा शोध सुरू करावा. या दोन कचऱ्यांतला फरक ओळखता आला की निम्मे काम झाले.

पत्त्यांची वही

पत्ते हलवण्यासाठी व्हीकार्ड नावाचा करार आहे. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या एका गटाने तो १९९५-९६ मध्ये तयार केला आणि १९९८ मध्ये तो इंटरनेटच्या प्रमाणित करारांत आला. साधा मजकूर, ओळीला एक माहिती. नावाचे पाच भाग: आडनाव, स्वतःचे नाव, मधले नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहिण्याची आपली रीत त्यात आपसूक बसते. मात्र व्हीकार्डच्या जुन्या, २.१ या आवृत्तीत अक्षरे ॲस्कीच गृहीत धरलेली होती. देवनागरी नावाचा प्रत्येक बाइट = हे चिन्ह आणि दोन अंकाक्षरे असा लिहावा लागे. 'कमल' या तीन अक्षरी नावाची त्यात सत्तावीस चिन्हे होतात. जुन्या मोबाइल फोनमधून पत्ते काढले की आजही अशा माळा दिसतात. २०११ मधील चौथ्या आवृत्तीने यूटीएफ-८ सक्तीचे केले.

मराठी नावांच्या दोन अडचणी मात्र त्यानेही मिटल्या नाहीत. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला ती दोन वेगळी नावे. जुन्या फोनमध्ये एका प्रकारे आणि नव्या संगणकात दुसऱ्या प्रकारे लिहिले असेल तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि शोध घेतल्यावर एकच सापडते. या लेखाच्या शीर्षकातील शब्दालाही हेच लागू आहे. दुसरी अडचण 'ॲ'ची. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले २००८ मध्ये. त्यापूर्वी अ वर चंद्र देऊन काम भागवत. वकील मंडळींच्या नावाआधीची ॲड. ही उपाधी म्हणून दोन तऱ्हांची सापडते.

आणि पत्ता तरी कुठे स्थिर असतो? मीरा-भाईंदरचाच पाहा. दूरध्वनीचा संकेत मुंबईचा, ०२२. पिनकोड मात्र मुंबईचा नव्हे. भाईंदर पश्चिमेचा ४०११०१, पूर्वेचा ४०११०५, मीरा रोडचा ४०११०७. जिल्हा ठाणे. पलीकडच्या काठावरील वसई २०१४ मध्ये ठाण्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात गेली, भाईंदर राहिले. रोमन लिपीत भाईंदरच्या शेवटच्या अक्षरात कोणी 'ए' लिहितो, कोणी 'ई'. २००२ मध्ये मुंबई परिसरातील सात आकडी दूरध्वनींच्या आधी २ लागून ते आठ आकडी झाले. जानेवारी २०२१ पासून घरच्या दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. ज्यांनी क्रमांक देशाच्या संकेतासह लिहिले आहेत त्यांच्या नोंदी मात्र बदलाव्या लागल्या नाहीत. विदेश संचार निगमाच्या मुंबईतील ग्राहकांच्या ई-मेल पत्त्यांत पूर्वी बॉम्बेची आद्याक्षरे असत; ती यंत्रे गेली, निगमही २००८ मध्ये नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झाला. तेव्हा जुनी वही हुबेहूब नव्या संगणकात आणली तर मेलेले पत्तेही हुबेहूब येतात. तरी ते पुसू नयेत असे आमचे मत आहे. जुन्या पत्रावरील पाठवणारा कोण, हे पुष्कळदा त्या मृत पत्त्यावरूनच कळते.

साडेसातची वेळ

दिनदर्शिकेचा करार, आयकॅलेंडर, १९९८ चा. त्यात कार्यक्रमाची वेळ तीन प्रकारे लिहिता येते: जागतिक वेळेत, एखाद्या प्रदेशाचे नाव देऊन, किंवा नुसतीच. नुसती लिहिलेली वेळ फसवी. समजा मीरा रोडच्या आजी दर शनिवारी सकाळी साडेसातला न्यू जर्सीतील नातीशी बोलतात. हिवाळ्यात तेथे शुक्रवारी रात्रीचे नऊ वाजलेले असतात. उन्हाळ्यात तेथील घड्याळे तासभर पुढे केली की दहा. नोंदीत प्रदेशाचे नाव नसेल तर संगणक बदलल्यावर कोणाचे साडेसात आणि कोणाचे नऊ, याचा मेळ राहत नाही. २००७ मध्ये अमेरिकेने घड्याळे पुढे करण्याची तारीख मार्चमध्ये आणली तेव्हा त्याआधी जतन केलेल्या असंख्य भेटी तीनचार आठवडे एका तासाने चुकल्या आणि जुन्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी खास साधने द्यावी लागली.

आपल्याकडे घड्याळ हलत नाही, हे भाग्य. पण ते तसे नेहमीच नव्हते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. संगणकातील प्रदेशांच्या यादीत आपल्या वेळेला कोलकात्याचे नाव आहे. २००८ पूर्वीच्या फाइलींत ते कलकत्ता असे आढळते. जुने नावही चालावे अशी तजवीज यादी ठेवणाऱ्यांनी केली, म्हणून त्या फाइली उघडतात.

घरातील खरी पंचाईत सणांची आणि तिथीने येणाऱ्या वाढदिवसांची होते. 'दर वर्षी' अशी आवृत्ती लावली की संगणक इंग्रजी तारीख धरतो. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. जुन्या संगणकात कोणी तो एकदाच लिहून 'दर वर्षी' म्हटले असेल तर ती चूक आयकॅलेंडरच्या फाइलीबरोबर अचूकपणे नव्या संगणकात येते. इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये पुरवणी करार झाला, पण चैत्र शुद्ध प्रतिपदा सांगणारी दिनदर्शिका अजून भिंतीवरच पाहावी लागते.

२००४ मध्ये जीमेल आले, साठवणजागा मुबलक झाली आणि पत्रे पुन्हा टपालघरातच राहू लागली. नव्या संगणकावर फक्त नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा. प्रश्न सुटला असे वाटते. तो घरातून टपालघरात गेला आहे इतकेच. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावाने उघडलेली शाळांची खाती या नियमात सहज सापडतात. या खात्यांतील सगळे उतरवून घेण्याची सोय त्याच कंपनीने २०११ पासून दिली आहे आणि ती वापरल्यावर हाती येतात त्या तीन प्रकारच्या फाइली: पत्रांसाठी एमबॉक्स, पत्त्यांसाठी व्हीकार्ड, तारखांसाठी आयकॅलेंडर. युनिक्सच्या काळातली ती लांबलचक फाइल अजून कामावर आहे.

शाळेत एखादा जुना संगणक निकालात निघणार असेल तर त्यातील टपाल या तीन प्रकारांत काढून घ्यावे; आउटलुक एक्सप्रेस असेल तर लपवलेल्या कप्प्यांतूनही. १९९५ ते २००५ च्या दरम्यानचा मराठी मजकूर असेल तर विंडोजच्या फॉण्ट्स या कप्प्यातील सर्व मराठी फॉण्टांच्या फाइली आधी उतरवाव्यात, कारण त्या पुन्हा मिळतीलच असे नाही. आणि ज्या फॉण्टमध्ये मजकूर नीट दिसतो आहे, त्या प्रत्येक फॉण्टमधील भरपूर जोडाक्षरांचे एक तरी पान कागदावर छापून ठेवावे. फॉण्ट हरवला तरी छापलेले पान आणि त्याच पानाची फाइल शेजारी ठेवून कोणता संकेत कोणत्या तुकड्याचा, हा तक्ता नव्याने बनवता येतो. आठवी-नववीच्या दोन मुलांना त्यासाठी एक दुपार पुरते.